पुरात विकलेलं पाणी

शारजात पूर आला तेव्हा मी शेजाऱ्यांना पिण्याचं पाणी दुप्पट भावात विकलं. बिल्डिंगभोवती कमरेएवढं पाणी, पाणीवाल्याची गाडी बंद, आणि माझ्याकडे सहा मोठ्या बाटल्या जास्तीच्या. बारा दिरहमची बाटली मी पंचवीसला लावली. समोरच्या रत्नागिरीच्या चाचींनी नातवाच्या दुधासाठी एक मागितली, तर कॉमर्सला काठावर पास झालेला मी म्हणालो, "पंचवीस, म्हणजे साडेपाचशे रुपये फक्त. माल कमी, मागणी जास्त, चाची!" त्यांनी पैसे मोजून दिले.

दुपारी त्यांनी अख्ख्या मजल्यावर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाटलं. मलाही. मान खाली घालून पैसे परत करायला गेलो.

चाची म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडेच. फक्त गावी तुझ्या आईला फोनवर हे सांगू नकोस, बिचारीला तोंड लपवावं लागेल."