अबेना तालाच्या मागून येते

मंडळी, आज डोकं चालेनासं झालंय. ग्रुपवर गाण्यातलं कळणारे आहेत, म्हणून मी, आल्झो, विचारतो.

आमच्या लॅबमधली अबेना, वय तेवीस, आफ्रोबीट्स आणि सोल या प्रकारची गाणी गाते. एका फेस्टिव्हलला गाणं पाठवायचा आज शेवटचा दिवस होता. मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज आणि वाद्यं जुळवायचं काम, माझ्याकडे. ते मी कुणाकडे न जाता, स्वतःचं स्वतः शिकलोय. तिचा आवाज दर ओळीला तालाच्या किंचित मागून येत होता. तीन दिवस बसून मी एकेक शब्द बरोबर मात्रेवर आणला.

दुपारी कँटीनमध्ये तिने ऐकलं. म्हणाली, "आल्झो, स्वच्छ झालंय. पण यात मी कुठे आहे?"

राग आला. तिची चूक आकड्यांत दाखवायला मूळ रेकॉर्डिंग मोजलं. ध्रुवपद चार वेळा येतं आणि चारही वेळा उशीर अगदी तेवढाच. चूक असती तर कमीजास्त झाली असती.

"हे मोजतेस कसं?" मी तिला विचारलं.

"मोजत नाही. तिथे मला ऐसपैस वाटतं," ती हसून म्हणाली.

शेवटी तिचंच मूळ गाणं पाठवलं. त्याखाली तिने लिहिलंय, मिक्सिंग, आणि पुढे माझं नाव.

त्यात माझं काहीच उरलेलं नाही. नाव राहू द्यावं, की काढायला सांगावं?