भिकाजीचा वेसकर

बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत उभा होतो, तेव्हा सुजाताचा फोन आला. माझा मित्र भिकाजी साळवे याची ही थोरली मुलगी, शाळेत शिकवते. "काका, बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि... गेले." आपण जिवंत आहोत हे लिहून द्यायला आलेल्या माणसांची ती रांग पुढं सरकली, मला कळलं नाही. मागच्यानं खांद्याला हात लावला, "चलो चाचा, आगे बढो." दाखला न देताच मी बाहेर पडलो.

भिकाजी आणि मी चिकलठाण्याला एकाच कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो. शहर तेव्हा नुकतं वाढायला लागलं होतं. शेतांच्या जागी शेड उभ्या राहत होत्या आणि आयटीआय झालेली आमच्यासारखी खेड्यातली पोरं भरती होत होती. मी मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला, गाव पाचोड. म्हणून तो मला कायम 'पाचोडकर' म्हणायचा. त्याचा हात असा, की कानस चालवताना बघणाऱ्याचा श्वास थांबावा. इतिहासाच्या पुस्तकातले लढायांचे नकाशे त्याला पाठ होते आणि त्यावरून त्यानं टेबलावर खेळायची लढाई तयार केली. औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यानं मोडीत काढलेली शिशाची अक्षरं त्यानं आणली, वितळवली, स्वतः घडवलेल्या पितळेच्या साच्यांत ओतली आणि करंगळीएवढे शिपाई उभे केले. जुनं दार आडवं टाकून त्यावर भुसा नि डिंकाचे डोंगर. चाल मोजायची टूलरूमच्या पट्टीनं. पायदळ दोन इंच, घोडा चार, आणि घोड्यानं कडा चढायचा नाही. बाकी सगळं फाशांवर.

त्याच्या सैन्यात एक वेसकर होता. गावाची वेस राखणारा महार, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. तलवार नाही. पण नियम असा, की वेसकर पडला की किल्ल्याचा दरवाजा उघडा. "सरदार मेला तर दुसरा नेमता येतो," भिकाजी म्हणायचा. "येसकर गेला तर राखायला कोण हाय?" पहिला ओतलेला संच त्यानं मला दिला. त्यातला एक घोडा घासताना त्याची कानस घसरली होती, कानावर आडवी रेघ उमटली होती. "आयुष्यात एकदाच घसरली," असं तो हसत सांगायचा. पुढं दिवाळीच्या किल्ल्यांसाठी औरंगपुऱ्यातला एक खेळण्यांचा दुकानदार त्याचे संच ठेवू लागला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एकेक शिपाई कापसात गुंडाळलेला. आठवड्याला एक डबा, त्याहून जास्त त्याच्या हातून होत नसे.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. भिकाजीच्या गावात त्यांच्या वस्तीतली घरं जाळली. भाऊ, भावजय, त्यांची लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्या दोन खोल्यांत आली. लढाईचं दार भिंतीला उभं राहिलं आणि त्या जागी अंथरुणं पडली. मी गेलो नाही. नात्यातले लोक काय म्हणतील हा एक विचार, आणि जाऊन बोलायचं काय हा दुसरा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही समोरासमोर डबे उघडायचो, तेही बंद झालं. मीच दुसऱ्या बाकावर बसू लागलो.

शिपायांचे डबे येईनात तसा दुकानदार माझ्याकडं आला. "साळवेंचा माल नंबरी, पण गिऱ्हाईक थांबतं का? मुंबईचं प्लास्टिक येऊन राहिलंय. आपल्या इथंच कुणी काढलं तर?" त्यानं माझी प्लास्टिकच्या एका नव्या कारखान्याच्या मालकाशी गाठ घालून दिली. मालकाला नमुना हवा होता आणि डाय म्हणजे साचे कळणारा फोरमन. मी माझा संच नेऊन त्याच्या टेबलावर ठेवला. भिकाजी आता पुन्हा ओतायला घेणार नाही, मग ते वाया का जावं, असं मनाला सांगितलं. खरं कारण फोरमनची खुर्ची होती. मालकानं वेसकर उचलून बाजूला केला. "हा काठीवाला कोण? पोरं घोडे मागतात." मी तो खिशात टाकला. पुढं घर बदलताना तो कुठं गेला, मला सांगता येत नाही.

त्या दिवाळीत दुकानासमोर भिकाजी भेटला. हातात आमच्या नव्या कारखान्याचं पाकीट, आत निळे-लाल प्लास्टिकचे शिपाई. त्यानं एक घोडा उजेडात धरला. कानावरची ती रेघ तशीच उतरली होती. तसा घोडा एकाच संचात होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी काही बोलायच्या आत त्यानं एवढंच विचारलं, "येसकर का काढला, पाचोडकर?"

"खपत नाय म्हणले."

"व्हय," तो म्हणाला. "आमच्या गावात बी तेच म्हणले." आणि पाकीट परत दुकानदाराच्या हातात देऊन तो गर्दीत निघून गेला.

आमचे शिपाई दोन दिवाळ्या चालले. मग मुंबईचा माल त्याहून स्वस्त आला, पोरं चावीच्या मोटारी मागू लागली आणि आमच्या मशिनवर बाटल्यांची बुचं निघू लागली. भिकाजी मात्र जमेल तसा ओतत राहिला. अनेक वर्षांनी विद्यापीठाला अखेर नवं नाव मिळालं, त्या दिवशी तो पेढे घेऊन माझ्या दारात उभा. पेढा हातावर ठेवला आणि म्हणाला, "रविवारी ये. एक गडी कमी पडतोय." मी गेलो. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी जात राहिलो. तिथं कॉलेजची पोरं आली, इंजिनियर आले. अलीकडं तर एकानं संगणकावर आखून यंत्रातून काढलेले शिपाई आणले; मला वाटलं भिकाजी चिडेल. त्यानं भिंग लावून एकेक पाहिला, म्हणाला, "रेघ चांगली हाय. येऊ द्या." आमच्यातली ती गोष्ट मात्र ना त्यानं काढली, ना मी. मला वाटायचं त्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असणार, आणि तरी मला चहा मिळतो...

तो गेल्यावर काही आठवड्यांनी सुजातानं बोलावलं. पुण्याच्या एका कंपनीला साचे विकत हवे होते. ते टेबलावर मांडून ती म्हणाली, "बाबांनी सांगून ठेवलंय, पाचोडकरला विचारल्याबिगर साचे कुणाला द्यायचे नाय. म्हणून तुम्हाला विचारते."

मी म्हटलं, "पोरी, प्लास्टिकवाल्याला नमुना मीच दिला होता, हे माहीत असून?"

तिचा हात साच्यावरच थांबला. "तुम्ही?" ती खुर्ची ओढून बसली. "बाबा म्हणायचे, कुणीतरी दुकानातून संच नेला. आईनं लई विचारलं तरी नाव नाय सांगितलं." मग तिनं साचे एकेक करून फडक्यात बांधले. "काका, आता हे तुम्हाला नाय विचारायचं. माझं मी ठरवीन. आणि रविवारच्या मंडळींना हे तुम्हीच सांगायचं. तुमच्या तोंडानं."

पुढच्या रविवारी गेलो. सात जण टेबलाभोवती उभे होते, सुजाता दारात. मी नवीन आलेल्या पोराला घोड्याची चाल समजावली, चहा घेतला आणि परतलो. बोलता आलं नाही, ते इथं लिहिलं. पेपरची ही पुरवणी रविवारीच येते. खेळायला माणसं जमायच्या आधी सुजाता पेपर वाचते. ती हे वाचेल, मग मी त्या खोलीचं दार वाजवीन.