आठवी पास शिपाई आणि ठाण्यातला कडुनिंब

२०१५ साल. मी एकोणसाठ वर्षांचा होतो, निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होतो. तिथे केलेली एका शिपायाची चौकशी आजही डोक्यातून जात नाही.

आधी माझं सांगतो. मी आठवी पास. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, त्यामुळे घरात वर्दी होती, पुस्तकं नव्हती. आठवीवर पोलिसात भरती झालो आणि एकेक फीत कमावली. नव्या पदवीधर अधिकाऱ्यांना पंचनामा कसा लिहायचा ते मी शिकवायचो. म्हणून डिग्री म्हणजे भिंतीवर टांगायचा कागद, असं मी चारचौघांत मोठ्याने सांगत असे.

एके दिवशी निनावी अर्ज आला. सिटी सेंटरमधल्या एका सरकारी कार्यालयात नवा शिपाई लागलाय, त्याची आठवीची गुणपत्रिका बनावट आहे, असं त्यात होतं. आमचे ठाणेदार वयाने लहान. म्हणाले, "दादा, आप ही देखिए. आठवीं का मामला है." आणि हसले. मीही हसलो, पण लागलं.

निनावी अर्जावर लगेच गुन्हा नोंदवत नाहीत, आधी प्राथमिक चौकशी होते. मी त्याच्या शाळेत गेलो, जुनं प्रवेश रजिस्टर काढायला लावलं. नाव, जन्मतारीख, निकाल, सगळं जुळलं. गुणपत्रिका अस्सल होती. फक्त त्याचा जबाब बाकी राहिला.

जबाब मी माणसाला स्वतःच्या हाताने लिहायला लावायचो. खोटं बोलताना जीभ सांभाळता येते, हात सांभाळणं अवघड. कमी शिकलेला माणूस कागदाच्या कडेपासून लिहायला लागतो आणि ओळ शेवटी खाली घसरते. मला माहीत आहे, मी तसंच लिहितो.

तो आला. पंचवीस-सव्वीसचा, आमच्यातलाच मराठी मुलगा. मी कागद दिला. त्याने आधी डावीकडे दोन बोटं रुंदीचा कागद दुमडून समास पाडला, मथळ्याखाली रेघ ओढली आणि भराभर लिहीत सुटला. पान भरलं तसा मान न उचलता हात वर केला आणि म्हणाला, "सर, बी-कॉपी."

आमच्याकडे परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की जी पुरवणी मागतात, तिला बी-कॉपी म्हणतात. कॉलेजांच्या दारात परीक्षेच्या बंदोबस्ताला मी वर्षानुवर्षं उभा राहिलोय. आठवीच्या पोराला ती कधी लागत नाही.

त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"किती शिकलास?"

"आठवी, काका."

"आठवीत बी-कॉपी मिळते?"

बाजूच्या टेबलावरून आमचा हवालदार माझ्याकडे बोट करत म्हणाला, "बता दे भैया. दरोगा जी आज मूड में हैं, रोज नहीं रहते."

त्याने मान खाली घातली. "एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र. फर्स्ट डिवीजन."

मी पेन खाली ठेवलं. लोक नापास असून पास म्हणवतात, ते मी शंभरदा पाहिलं होतं. हे उलटं प्रकरण पहिलंच.

"जाहिरातीत लिहिलं होतं, आठवी पास हवा, जास्त शिकलेला नको," तो म्हणाला. "तीन वर्षं भटकलो, काका. घरी आई एकटी आहे. मग आठवीच्या वरचं काही लिहिलंच नाही. आता मुकदमा झाला तर पुढे कोणीच घेणार नाही ना?"

ते खरं होतं. गुन्हा नोंदला की दर नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो वर येतो. पण मला दुसरंच कुतूहल लागलं होतं.

"पाच वर्षं कॉलेजात केलंस काय?" मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ह्या कडुनिंबाला काय झालंय सांग. दोन वर्षं वाळतोय. औषध मारलं, लिंबू-मिरचीसुद्धा बांधून झाली."

तो अंगणात गेला, मी आणि हवालदार मागोमाग. नखाने साल खरवडली, वर पाहिलं, मग खाली बसून सिमेंटच्या पाराच्या फटीत किल्ली खुपसून हुंगली.

"हा पार कोणी बांधला?"

"का?"

"ज्याने बांधला, त्याने झाडाचा गळा आवळलाय. खोडाला माती चढवून वरून सिमेंट ओतलं. आत साल सडतेय. मुळंसुद्धा श्वास घेतात, काका. त्या माणसाला हे कोणी सांगितलंच नसेल."

हवालदार तोंडावर रुमाल धरून आत पळाला. पार मी बांधून घेतला होता. सुट्टीच्या दिवशी स्वतः उभं राहून, वरून चांगला घोटून.

"तोडला तर वाचेल?"

"शेंड्याला पालवी आहे अजून. वाचेल बहुतेक."

संध्याकाळी मी अहवाल लिहिला: गुणपत्रिका खरी, बनावट कागद आढळला नाही, शिक्षण लपवल्याचं त्याचा विभाग पाहील. ठाणेदार म्हणाले, "दादा, छुपाया तो है उसने."

मी म्हणालो, "छुपाया है साहब, पर ज्यादा को छुपाया है. इसमें जालसाजी कौन सी धारा से लगाऊँ?"

त्यांनी अहवाल पुढे ओढला आणि सही केली. पुढे विभागाने त्या मुलाला काढलंच. पण पोलिसांकडे त्याचं रेकॉर्ड कोरं राहिलं, पुढच्या अर्जात त्याला काही लपवावं लागलं नाही.

आता मोहल्ल्यातली पोरं विचारतात, आजोबा, कॉलेज करू की हाताचं काम शिकू? पूर्वी मी ताडकन सांगून टाकायचो. आता उलट विचारतो, हे शिकून तुला काय दिसायला लागेल रे? डिग्रीने त्याला खुर्ची दिली नाही, हे मी अजूनही म्हणतो आणि मागे घेत नाही. पण चेहऱ्यावरून चोर ओळखणारा मी, त्या झाडाखाली रोज चहा प्यायचो, आणि मला काही दिसलं नव्हतं.

अहवाल दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या आधी मी घरून पहार घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "दरोगा जी, मजदूर बुला लें?"

"जिसने बनाया है, वही तोड़ेगा," मी म्हणालो. वर्दीचा शर्ट खिडकीच्या गजाला टांगला आणि पाराच्या घोटलेल्या सिमेंटवर पहिला घाव घातला.