कंपनीला वाडी घेता येत नाही

आमचे बाबा दिवेआगरला दुसऱ्याच्या वाडीत राबायचे. सुपारी उतरवायची, झाडांना पाणी लावायचं, नारळ सोलायचे. आम्ही दोघी बहिणी त्याच वाडीत वाढलो, पण तिथलं एक रोपही आमचं नव्हतं. पुढे ताई अलिबागला नर्स झाली, मी पालीला शिक्षिका.

चक्रीवादळात ती वाडी आडवी झाली आणि मालकांनी विकायला काढली. ताईचा लगेच फोन आला.

"आपण घेऊ."

"आपण शेतकरी कुठे? सातबारा न्हाय आपला."

"म्हणून तर कंपनी काढायची. कंपनीच्या नावावर घेता येते म्हणे."

तिच्या दवाखान्यात कुणीतरी तसं सांगितलं होतं. आम्ही अलिबागच्या एका सीएकडे गेलो. कंपनीला नाव सुचवा, म्हणाला. ताईने आईचं दिलं, तर ते आधीच कुणी घेतलेलं निघालं. मग बाबांचं दिलं, ते मंजूर झालं. ज्या माणसाकडे आयुष्यभर गुंठाभर जमीन नव्हती, त्याच्या नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड लागलं. नोंदणीचा कागद हातात आला तेव्हा ताईने डोळ्यांना पदर लावला.

"पहिली खरेदी कुठली?" सीएने विचारलं.

"दिवेआगरची वाडी," ताई म्हणाली.

त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, वाडी म्हणजे शेतजमीन. ती शेतकऱ्यालाच घेता येते. कंपनी शेतकरी नसते. हे आधी बोलायला हवं होतंत."

रिक्षा स्टँडपर्यंत ताई नोंदणीचा कागद छातीशी धरून चालली. मग म्हणाली, "जे घेता येईल ते घेऊ. बाबांच्या नावाची कंपनी रिकामी नको."

आम्ही पालीत एक गाळा घेतला, पुढे अलिबागला छोटा फ्लॅट. भाडेकरू चांगले मिळाले, कंपनी नीट चालली. वाडी एका बागायतदार कुटुंबाने घेतली. त्यांनी नवी झाडं लावली, पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. कंपनीची वर्षाची मीटिंग तिथेच घ्यायची, हा ताईचा हट्ट. आम्ही खोली घ्यायचो. चहा संपेपर्यंत मीटिंग आटोपायची, मग ताई चपला काढून वाडीभर फिरायची. तिथला गडी विचारायचा, "काय हवंय का मावशी?"

"न्हाय रे. बघतेय नुसती."

गुडघे गेल्यावर ताई मुलाकडे नाशिकला राहायला गेली. यंदाची मीटिंग फोनवर झाली. गाळ्याचा करार पुढे चालू ठेवायचं ठरलं. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "कुठून बोलतेयस?"

"घरातून. पालीहून."

"तू तरी जाऊन यायचं होतंस गं."

एकटीने जाऊन काय करायचं, असं मला वाटलं होतं. आता शाळेला सुट्टी लागली की जाईन. खोली एकीची सांगायची की दोघींची, ते मात्र अजून ठरत नाही.