लाहसेनच्या हातचा घास

प्लास्टिकचा पडदा वर गेला आणि शुक्रवारच्या दुपारचं ऊन खोपटीत शिरलं. मधोमध रव्याच्या कुसकुसची वाफाळलेली परात, वर भोपळ्याच्या फोडी आणि मटणाचे मोजके तुकडे. परातीभोवती मांडी घालून बसलेले तिघे-चौघे गडी. आणि ज्याच्यासाठी सगळे थांबले होते तो बुशाईब पडदा हातात धरून उंबऱ्यावरच उभा. आत यायचं नाव नाही.

"बस की," लाहसेन म्हणाला. "की वाजंत्री लावून आणायचं नवरदेवाला?"

"मी जेवलोय."

"कुठं? मुकादमाकडे?"

सगळे हसले, बुशाईब सोडून. एरवी नीहारच्या माळावरच्या या वस्तीत हसवायचं काम त्याचंच होतं. पोट पुढं काढून, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर आपटत तो एलादिओ मुकादम असा काही उभा करायचा की चार खोपट्यांपलीकडून लोक धावत यायचे. भट्टीवर रोटी करपायची, कुणाला पर्वा नसायची. मोरोक्कोतल्या बेनी मेल्लालच्या बाजारात गोष्ट सांगणाऱ्यांच्या कोंडाळ्यात शोभावा असा हा गडी, समुद्र ओलांडून स्पेनमध्ये टोमॅटो तोडायला आला होता.

पण त्याला फवारणीचं काम मिळालं, आणि एलादिओची नक्कल बंद झाली.

हे काम मागितलं होतं लाहसेननं. तोडणीवाल्याला आज बोलावतात, उद्या नाही. फवारणीवाल्याला बारा महिने काम. मुकादमानं मात्र बोट दाखवलं ते बुशाईबकडे. लाहसेन दोन दिवस गप्प होता. मग एकदम आधीसारखाच बोलायला लागला, थट्टा करायला लागला, उलट जास्तच माया करायला लागला. बुशाईबला वाटलं, झालं, विसरला. नंतर वाटू लागलं, इतक्या सहज कुणी विसरतं का?

पॉलीहाऊस बंद करून आत किडीच्या औषधाचा फवारा मारायचा. मास्क एकच होता, तोही फाटका. "तो लावलास की धापा टाकतोस आणि काम रेंगाळतं," असं एलादिओ म्हणाला, म्हणून बुशाईब तोंडाला फडकं बांधायचा. हिवाळा सरता सरता त्याचं डोकं ठणकू लागलं. पोटात पीळ पडायचा. हात थरथरायचे, चहाचा पेला बशीवर वाजायचा. झोप तर गेलीच. अंधारात डोळे उघडे ठेवून तो शेजारच्या खाटेवरचं लाहसेनचं घोरणं ऐकत राहायचा. खरंच झोपलाय की सोंग करतोय?

मग एका शुक्रवारी त्याला ते दिसलं. एका परातीतून जेवताना प्रत्येकानं आपल्या पुढ्यातलं खायचं, ही रीत. लाहसेननं आपल्या पुढ्यातला मटणाचा तुकडा बोटानं हळूच ढकलत बुशाईबच्या बाजूला आणला. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. स्वतः भोपळा खायचा आणि मटण याला द्यायचा.

इतकं प्रेम कशासाठी?

गावाकडची आत्या सांगायची, जेवणातून करणी घालतात. माणूस वाळत जातो, झोप उडते, आणि घालणारा शेजारीच बसून पुन्हा वाढत असतो. बुशाईबनं आरशाच्या तुकड्यात आपली गालफडं पाहिली आणि त्या दिवसापासून परातीत हात घालणं सोडलं.

त्यानं वेगळी चूल मांडली. पाव विकतचा, डबाबंद मासे विकतचे. पाण्याचं काय? दारातल्या सामाईक पिंपात कुणीही हात बुडवायचा. म्हणून त्यानं पॉलीहाऊसच्या मागून एक पांढरा कॅन आणला. जाड, घट्ट फिरकीच्या झाकणाचा. वस्तीत सगळेच ते कॅन आणायचे, कपडे धुवायच्या पाण्यासाठी. यानं राखेनं घासला, ब्लीच घालून खळखळला, वरचा कागद नखानं खरवडून काढला आणि प्यायचं पाणी भरून खाटेखाली ठेवला. झाकणावर एक केस चिकटवून ठेवायचा. कुणी उघडलं तर कळावं म्हणून. केस रोज जागच्या जागी असायचा. तब्येत मात्र आणखी ढासळत गेली.

"दुरून काहीतरी करतोय," त्यानं स्वतःशीच ठरवलं.

अखेर एका रविवारी सकाळी त्यानं लाहसेनला चहाला बोलावलं. आत्या असंही सांगायची, की ज्याच्यावर करणी केली त्याच्या हातचं करणाऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. आज सोक्षमोक्ष लावायचा होता. बिचारा लाहसेन धुतलेला सदरा घालून आला.

"मला वाटलं, तू मेल्यावरच मला बोलावणार," तो म्हणाला. "मयताच्या जेवणाला."

बुशाईबनं किटली उंच धरून पुदिन्याचा चहा ओतला. थोडा सांडला. लाहसेननं एक घोट घेतला आणि तिथंच थुंकला.

"पकडलं!" बुशाईब ताडकन उठला. "आत्या खोटं बोलत नव्हती. कधीपासून घालतोयस? बोल!"

"काय घालतोय? अरे, हे पाणी कुठलं?"

"माझं आहे. तुझा हात न लागलेलं."

"वास घे त्याचा!"

"मला कसलाच वास येत नाही. महिने झाले."

 लाहसेननं गुडघ्यावर बसून खाटेखालचा कॅन बाहेर ओढला. मुठीच्या खाली लाल कागदाची एक चिंधी अजून चिकटलेली होती.

"हा औषधाचा कॅन आहे, बुशाईब. तू फवारतोस तेच औषध."

"राखेनं घासलाय. ब्लीच घातलंय."

"आणि वर राखण करत झोपतोस. शाबास!"

बुशाईब खाटेच्या कडेवर बसला. त्या चिंधीकडे बघून झालं, लाहसेनकडे बघून झालं. तरी मनातली गाठ सुटेना.

"मग मटण का सरकवायचास माझ्याकडे?"

"बारीक व्हायला लागलास म्हणून, गाढवा!" लाहसेन ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला.

सोमवारी दोघं सरकारी दवाखान्यात गेले. वाटेत एलादिओ भेटला. "फवाऱ्याचं नाव काढू नकोस," तो गोड आवाजात म्हणाला. "पोट बिघडलंय म्हणून सांग. पुढचं मी बघतो." डॉक्टरबाई तरुण होत्या. बुशाईबचं स्पॅनिश कामापुरतं, म्हणून मध्ये लाहसेन. त्यानं फवाऱ्याचंही सांगितलं आणि कॅनचंही. बुशाईबनं सदरा ओढला तरी थांबला नाही.

"झोप लागते का, विचारतायत," लाहसेन म्हणाला. "आणि कुणी आपल्या वाईटावर आहे असं वाटतं का?"

"हे तूच सांगितलंस त्यांना."

"शपथ घेतो, नाही! त्याच विचारतायत."

"मग सांग, वाटतं."

"कोण, म्हणतायत."

बुशाईब डॉक्टरबाईंकडे वळला. "सांग, हाच. आत्ता माझं बोलणं तुम्हाला सांगतोय तो."

लाहसेनचे कान लाल झाले. पण त्यानं शब्द न शब्द इमानानं पोचवला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे औषध नुसतं पोटात जात नाही, डोक्यातही जातं. झोप नेतं, माणसांवरचा विश्वास नेतं. त्यात घरापासून लांब, खोपटीतलं असलं जिणं. आता पॉलीहाऊसमध्ये पाऊल टाकायचं नाही, आणि जमलं तर घरी जायचं.

परत आल्यावर एलादिओनं त्याच्याकडून फवाऱ्याची नळी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी बुशाईबनं खोपटीतून पाहिलं, दूर टाकीपाशी एलादिओ लाहसेनच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होता. शब्द ऐकू येत नव्हते. लाहसेनची मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, उन्हात कळेना.

"काय म्हणत होता?" संध्याकाळी त्यानं विचारलं.

"फवारणी करशील का, म्हणत होता. नाही म्हटलं."

"खरंच?"

"खरंच."

 पण घरी जायला निघेपर्यंत बुशाईब रोज लाहसेनच्या चपला बघायचा, फवाऱ्याचे पांढरे शिंतोडे दिसतात का म्हणून. शिंतोडे नव्हते. पण चपला धुताही येतात.

बंदराकडे जाणारी बस नाक्यावर यायची. लाहसेन पोचवायला आला होता. फडक्यात गुंडाळलेली रोटी, आत मटण, आणि दुकानातली सीलबंद पाण्याची बाटली. बुशाईबनं बाटलीचं सील तपासलं. लाहसेननं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग दोघांनी मिठी मारली. बुशाईबनं त्याच्या कॉलरमध्ये नाक खुपसलं आणि जरा जास्तच वेळ तसाच राहिला. गेल्या काही दिवसांत नाकाला थोडं थोडं कळायला लागलं होतं. जिरं. कांदा. जुना घाम. दुसरं काही नाही.

बस थांबली. दार उघडलं, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. बुशाईब पायरीवर चढला, थबकला, फडकं सोडून रोटी मोडली आणि मटणाचा मोठा तुकडा जिच्यात होता ती अर्धी लाहसेनपुढे धरला.

"आधी तू खा."

"अजून संशय आहे?" लाहसेन हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

"आहे," बुशाईब म्हणाला. "संशय काय असा बसमधून उतरून जाणार आहे? पण एकट्यानं खाल्लेला घास उतरत नाही रे. खा लवकर, हा भोंगा वाजवतोय."