भाड्याच्या गाडीचा कागद

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्याने ते मला आजवर बोलून दाखवलेलं नाही. तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

आधी घर कसं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरचं भात सहा महिने कसंबसं पुरायचं. आबा मुंबईत एका खानावळीत भांडी घासायचे, वर्षातून दोनदा घरी यायचे. आई लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन पोलादपुरात उतरायची आणि तेल-मीठ घेऊन परत चढायची. मी सातवीत असताना आबा कायमचे परत आले. दोन म्हशी विकल्या, मुंबईत साठवलेलं सगळं घातलं आणि एक जुनी सहा आसनी रिक्षा घेतली. त्या रिक्षेवर मी शिकले — महाडच्या कॉलेजात, बी.ए.पर्यंत. माझ्याआधी आमच्या घरात दहावीसुद्धा कोणी झालेलं नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, खोटं कशाला बोलू?

वाडीत कोणाकडे कागद आला की तो माझ्याकडे यायचा. बँकेचं पत्र, विजेचं बिल, कसलीशी नोटीस. मी ओट्यावर बसून वाचायची, माणसं भोवती उभी राहायची. मराठी असलं तर सरळ वाचायची. इंग्रजी असलं तर — आता सांगतेच — निम्मं वाचायची आणि निम्मं अंदाजाने सांगायची. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा. म्हणून तर ती सवय लागली.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. दुपारी पोलादपुरात माणसं उतरवून आम्ही दोघंच वर निघालो होतो, आबा पुढे, मी मागे. कापड्याच्या अलीकडच्या वळणावर समोरून गाडी आली — आमच्या बाजूने. पांढरी गाडी, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या गाडीला असते तशी पाटी. आबांनी रिक्षा पार गटाराकडे काढली, तरी धडक बसलीच. मला काही लागलं नाही. आबांचा उजवा गुडघा पुढच्या पत्र्यावर आदळला.

गाडीतून उतरला तो पुण्याचा, माझ्याच वयाचा मुलगा. "काका, चूक माझी आहे, मोबाइलवर रस्ता बघत होतो," असं सरळ म्हणाला. पाण्याची बाटली आणून आबांना दिली. वाईट नव्हता तो — हे मला लिहायलाच हवं. त्याने गाडी ज्या कंपनीकडून घेतली होती तिला फोन लावला. तिकडून सांगितलं असावं, गाडीत फॉर्म आहे, समोरच्याची सही घ्या.

आमच्याकडे रस्त्यावर काही झालं तर जागेवर मिटवतात. ज्याची चूक तो कबूल होतो, काचेचे, लाइटचे देतो, चहा पाजतो. कागद कोणी करत नाही. त्यामुळे आबांना त्या फॉर्मचंच नवल वाटलं.

"ह्यात काय लिव्हलंय रे?"

"काही नाही काका, कंपनीला कळवायला फक्त."

"थांब. माझी पोर ग्रॅज्युएट होतेय. ती वाचील."

आणि तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला. कसा दिला म्हणून सांगू? त्या मुलाकडे बघत, एखादा दागिना दाखवावा तसा.

दोन्ही बाजूंनी बारीक इंग्रजी. तारीख कळली. गाडीचा नंबर कळला. पुढे लांबलचक वाक्यं, एकात एक अडकलेली. मुलगा माझ्याकडे बघत होता. "समजतंय ना?" त्याने विचारलं, हळूच. कदाचित त्याला मदतच करायची असेल. मी फटकन म्हणाले, "हो, समजतं." मग वाचणाऱ्याचे डोळे ज्या वेगाने फिरतात त्या वेगाने डोळे खालपर्यंत फिरवले — पान उलटलं, तिथेही फिरवले — आणि म्हणाले, "ठीक हाय आबा. करा सही."

उद्या कॉलेजात सरांना दाखवते, एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? सांगा ना. काहीच नाही. पण त्या पुण्याच्या मुलासमोर मला ते म्हणवेना.

आबांनी सही केली. शिकवलेली सही, एकेक अक्षर थांबून.

चार दिवसांत गुडघा भोपळ्याएवढा झाला. पाला बांधून झाला, शेकून झालं, शेवटी महाडला नेलं तर डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. इकडे गॅरेजवाला म्हणाला, रिक्षेची चासी वाकलीय, ही आता रस्त्यावर येणार नाही. घर पुन्हा आईच्या मोळीवर आलं. तेव्हा महाडच्या एका वकीलबाईंकडून आम्ही नुकसानभरपाईचा दावा घातला. मुलगा दिल्या पत्त्यावर सापडला नाही. गाडीच्या कंपनीचं मात्र उत्तर आलं, आणि सोबत तो कागद.

वकीलबाईंनी तो मराठीत समजावला. गाडीचं आणि शरीराचं, सगळं नुकसान भरून मिळालं, यापुढे काही मागणार नाही — असं होतं त्यात. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"सही करताना कोणी वाचून दाखवलं होतं का?" बाईंनी आबांना विचारलं.

उत्तर मी दिलं. आबांनी तोंड उघडायच्या आधी. "नाही. आबा एकटेच होते. मी कॉलेजात होते."

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, मग बरं झालं, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला न समजावता सही घेतली, हेच आपण कोर्टापुढे मांडू. मी हे खोटं दाव्यासाठी बोलले असेन असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. दाव्याला त्याचा उपयोग होईल हे मला माहीतही नव्हतं. मला फक्त बाईंनी "मग तू कशाला ग्रॅज्युएट?" म्हणायला नको होतं.

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — लहानपणी मला ताप आला की बघायचे तसं. मग म्हणाले, "हां बाई, मी येकटाच होतो."

आता हे आबा कोण ते सांगायला हवं. वाडीत बांधावरून भांडण झालं, झाड कोणाचं यावरून झालं, आणि पुरावा नसला, की गावकी बसते. ज्याने डोळ्यांनी बघितलं त्याने देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगायचं. मग पुढे कोणी विचारत नाही. कोणी काही बघितलं नसेल तर आबांना बोलावत — तू काय म्हणतोस ते आम्ही मानू. असा माणूस कोर्टात उभा राहिला आणि शपथ घेतली. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुमची मुलगी शिकलेली आहे. ती सोबत नव्हती?"

"नाय साहेब. ती असती तर सहीच करू दिली नसती तिनं."

मी मागच्या बाकावर होते. एवढं त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. ते त्यांनी मनानेच जोडलं. मी उठले का? नाही. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चल गो बाय, एस्टी चुकंल."

आई अजून पाहुण्यांसमोर चिडवते, "घरात एवढी शिकलेली पोर, आणि ह्यांनी डोळं मिटून सही ठोकली!" सगळे हसतात. आबाही हसतात. मीही हसलेय. कितीदा तरी.

पुढच्या वर्षी गावकीने त्यांना बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "गुडघा दुखतो रे, देवळाची पायरी चढवत नाय, दुसऱ्या कोनाला बोलवा." त्याच महिन्यात ते लांबच्या उमरठ गावाला चालत जाऊन आले होते. नंतर दर वेळी गुडघाच दुखला. मग बोलावणं बंद झालं.

एकदा लावणीच्या वेळी मी म्हणाले, "आबा, तो कागद —" "कुठला कागद?" ते म्हणाले, आणि रोपांची जुडी माझ्या हातात दिली. मीही वाकून लावायला लागले. सुटल्यासारखं वाटलं मला तेव्हा. हेही लिहून ठेवते.

दावा आमच्या बाजूने लागला. कोर्टाने तो कागद ग्राह्य धरला नाही. गुडघ्याची आणि रिक्षेची, दोन्हींची भरपाई मिळाली. ऑपरेशनचं देणं फिटलं, आणि आबांनी नवी रिक्षा घेतली.