खत न घातलेली पट्टी

अक्काचा फोन आला तेव्हा मी सांगलीजवळच्या आमच्या रानात हळदीला मातीची भर देत होतो. "दाजी गेलं रं," एवढंच ती म्हणाली. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं?"... थोरल्या बहिणीला अशा वेळी असलं विचारणारा भाऊ मीच.

दाजी वडूजकडचे, कोरडवाहू शेतकरी. शेतीत शास्त्र आलं कसं, याच्या गोष्टी सांगायचा त्यांना भारी नाद. जुन्या काळी युरोपात एकानं कुंडीत माती तोलून भरली, झाड लावलं, वर्षानुवर्षं नुसतं पाणी घातलं आणि शेवटी माती परत तोलली. जवळपास तेवढीच भरली! तेव्हा झाड पाण्याचंच बनतं, असं त्यानं ठरवलं.

"म्हणजे चुकलाच की," मी म्हणालो.

"चुकला. पर तोलून चुकला, म्हणून मागनं येणाऱ्याला चूक घावली. तुमी न तोलताच चुकता, पाव्हणं!"

दाजी स्वतः शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात मधोमध एक पट्टी बिनखताची सोडत. खतानं खरंच काय केलं, ते शेजारी दिसावं म्हणून. मी नुकताच मिलिटरीतून रिटायर होऊन अक्काकडं राहायला आलेलो. दाजी वाईला लग्नाला गेले, पाऊस झाला आणि मला ती पिवळी पट्टी दिसली. बिचारे विसरले असतील, म्हणून दिला युरिया... सढळ हातानं. परत आल्यावर ते बांधावर गेले, तर सगळं रान एकसारखं हिरवं.

"पाव्हणं, माझ्या साक्षीदारालाच जेवू घालून फोडलंसा की!"

ते वर्ष त्यांचं वाया गेलं. तरी पुढं मी कुठलंसं नवं औषध हळदीला सोडायला निघालो, तेव्हा हा माणूस एसटीनं सांगलीला आला आणि कडेचे वाफे बिनऔषधाचे ठेवायला लावूनच गेला. औषधानं सगळे गड्डे सडले. कडेचे तेवढे राहिले, त्यांच्याच बेण्यावर माझी हळद पुन्हा उभी राहिली. आज मी बागायतदार म्हणून मिरवतो, ते त्या वाफ्यांच्या जिवावर.

दाजींच्या माघारी यंदाची पेरणी मी करायला गेलो. ती पट्टी राहणार की जाणार, हे आता आमच्या दोघांवर होतं.

"अक्का, यंदा सगळ्याच रानाला खत देऊ. दुखवट्याचं साल हाय, चार दाणं जास्त आलं तर बरंच."

"मग माझं कसं कळंल? शेळ्यांचं लेंडीखत घालून बघा म्हणून ह्यांच्या किती मागं लागले मी. पुढच्या साली, पुढच्या साली, करत ऱ्हायलं. आता एका अंगाला त्यांचं बॅगचं खत, दुसऱ्या अंगाला माझं लेंडीखत. मधी काय बी न्हाई."

"आणि त्यांचंच बरोबर निघालं तर?"

"तर निघू दे की. भांडायला तरी गावतील." पदर तोंडाशी धरून ती बांधावर जाऊन उभी राहिली.

मी ट्रॅक्टर चालू केला. मधोमध आलो तसा अक्कानं हात वर केला... आणि मी पेरणीयंत्रावरची खताची पेटी बंद केली.